चिऊचा ढेकर

चिऊनं ढेकर देणं कमी केलं असतं, तर मानाजीराव फणसे यांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली म्हणजे पैसे. पण ते इतके किरकोळ होते की बँकेत शाखाधिकारी म्हणून उभी हयात काढलेल्या माणसाला ते विचारायचीही लाज वाटली. दुसरी म्हणजे फाटकावर लावायची हिरवी पाटी: 'वसुंधरा-मित्र गोपालक, देवास'. आणि तिसरी, जी कुठल्याच करारात नव्हती पण मानाजीरावांच्या मते सगळ्यांत वजनदार होती, ती म्हणजे धारच्या व्याह्यांचं बंद झालेलं तोंड.

हे व्याही म्हणजे तुकोजीराव मोहिते. पूर्वज दरबारातले मानकरी, आणि आता स्वतः पेट्रोल पंपाचे मालक. मानाजीरावांची एकुलती एक लेक राजनंदिनी त्यांच्या घरात दिलेली. मानाजीरावांनी निवृत्तीनंतर घरामागच्या जागेत गोठा बांधला, तेव्हापासून तुकोजीरावांना प्रत्येक पंगतीत सांगायला एक विनोद मिळाला होता. "आमचे व्याही पूर्वी कर्ज द्यायचे," ते भात कालवता कालवता म्हणत, "आता दूध देतात." पंगत हसे. राजनंदिनीलाही हसावं लागे, आणि मग ती गच्चीवर जाऊन आईला, सरलाताईंना, फोन करी. "वाईट बोलत नाहीत गं ते," ती म्हणे, "पण दर वेळी तेच. आता तर वाढप्यांनाही पाठ झालंय."

हा विनोद मोडायचा तर त्याहून मोठं काहीतरी फाटकावर लटकवायला हवं, हे मानाजीरावांनी ताडलं होतं. आणि ते लटकवायची संधी घेऊन श्रावणात विक्रमसिंह आला.

विक्रमसिंह मूळचा धारजवळच्या नालछ्याचा. शेतकी महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला, आणि अंगात कुठल्याशा 'हरितश्वास' कंपनीचा पोपटी टी-शर्ट. तो गोठ्यात शिरला, तीन जर्सी गाईंकडे ढुंकूनही न बघता थेट कोपऱ्यातल्या माळवी गाईपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, धरती गरम हो री हे. और भिया, उसमें इनका भी हाथ हे."

"हात? चिऊचा?"

चिऊ जन्मली तेव्हा मुठीत मावेल की काय अशी होती, म्हणून हे नाव. आता ती गोठ्याच्या दारातून आत आली की उजेड बाहेरच थांबत असे. पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"हाथ मतलब मूँ," विक्रमसिंह म्हणाला. "डकार. चारा पेट में सड़े, उसकी गैस बने, और वो गैस डकार में बाहर."

मानाजीरावांनी इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "मागच्या बाजूनं नाही?"

"सब येई पूछते हें. पीछे से तो थोड़ीक. सारा खेल आगे का हे, दादा."

साठी उलटेपर्यंत गाईचं दूध प्यायलो आणि ही गोष्ट आपल्याला माहीत नव्हती, याचं मानाजीरावांना मनापासून नवल वाटलं. ते उपडी बादली घेऊन चिऊच्या तोंडासमोर बसले. चिऊ रवंथ करत होती. घास गिळे, क्षणभर थांबे, मान किंचित लांब करी, गळ्यातून काहीतरी लाटेसारखं वर येई, आणि पुन्हा जबडा हलू लागे. त्या मधल्या क्षणात ढेकर निसटून जात होता! आवाज नाही, गाजावाजा नाही. बँकेतल्या एका जुन्या रोखपालाची त्यांना आठवण झाली.

"इतका वेळ माझ्या तोंडाकडे कधी बघितलं नाहीत," सरलाताई मागून म्हणाल्या.

"तुझ्यामुळे पृथ्वी तापत नाही," मानाजीराव म्हणाले, आणि मग त्या वाक्याचे दोन अर्थ होतात हे ध्यानात येऊन पुन्हा चिऊकडे वळले.

पण खरी उत्सुकता त्यांना पुढची होती. परदेशातल्या माणसाला देवासच्या ढेकराचं काय पडलं आहे? विक्रमसिंहनं समजावलं: तिकडे एक कंपनी आहे, तिची विमानं उडतात, धूर होतो. तिच्यावर कुणाची सक्ती नाही, पण तिनं स्वेच्छेनं कबूल केलंय की आम्ही जेवढा धूर करू, तेवढा कुठेतरी कमी करवून घेऊ. तो कमी करायचा इथे, चिऊच्या पोटात.

"म्हणजे नावे त्यांच्या, आणि जमा आमच्या गाईकडून," मानाजीराव म्हणाले. "विमानात ते बसणार, आणि तोंड हिनं आवरायचं."

"एकदम बरोबर! पर सब स्वेच्छा से हे."

"कुणाच्या? हिला विचारलंत?"

चिऊनं मान लांब केली. विक्रमसिंहनं तो होकार धरला.

अटी साध्या होत्या. पंधरा दिवस चिऊला फक्त कंपनीचं मोजून दिलेलं खाद्य, आणि त्यात एक करडी पूड. पूड बव्हंशी लसणाची, तिनं पोटातला वायू कमी होतो म्हणे. गोठ्यात चाकांचं एक कपाट येणार, त्याला लवचिक नळी, नळीच्या टोकाला तोंड घालायचा पिवळा डबा. डब्यात गोळी-पेंड पडते, ती खायला गाय तोंड घालते, आणि तेवढ्यात यंत्र तिचा श्वास मोजून घेतं. पंधरा दिवसांत दुसरं काहीही खायला घातलेलं चालणार नाही. पोळीचा तुकडासुद्धा नाही. शेवटच्या दिवशी इंदूरहून कंपनीच्या मॅडम येणार, शेवटची मोजणी करणार, आणि आकडा उतरलेला दिसला की तिथल्या तिथे पाटी.

"कब से चालू करें?" विक्रमसिंहनं विचारलं.

मानाजीरावांनी बारकाईनं विचार केला. "गणपती होऊ द्या. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसापासून. त्या पंधरवड्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. कुणी फिरकत नाही. शांततेत काम होईल."

त्या पंधरवड्यात माणसं फिरकत नाहीत, हे खरं होतं. पितर फिरकतात, हे त्या घटकेला त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

प्रतिपदेलाच शेजारची सून अपूर्वा पत्रावळ घेऊन फाटकाशी उभी राहिली. पत्रावळीत खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, सगळं रीतसर वाढलेलं.

"काका, सासूबाईंनी पाठवलंय. वो… गोग्रास. चिऊला द्यायचाय."

मानाजीरावांच्या हातातली चारा ढवळायची काठी तशीच राहिली. गावातल्या मोकाट गाई गोशाळेत गेल्यापासून तळ्यापलीकडच्या मराठी घरांना गोग्रासासाठी ही एवढी एकच देशी गाय उरली होती, हे त्यांना ठाऊक होतं. दरवर्षी ह्या पंधरवड्यात चिऊ जेवढी जेवायची तेवढं देवासात कुणी जेवत नसेल.

"आज… आज तिचं पथ्य आहे."

"पथ्य म्हणजे?"

"परहेज," मानाजीराव म्हणाले.

"अच्छा. मग तिला फक्त दाखवून नेऊ का? नैवेद्यासारखं?"

हा तोडगा मानाजीरावांना पसंत पडला होता. पण अपूर्वा पत्रावळ घेऊन परत गेली आणि पाठोपाठ तिच्या सासूबाई आल्या, आणि सासूबाईंच्या पाठोपाठ, बातमी कशी कळली कोण जाणे, मागच्या गल्लीतून इंदूआक्का आल्या. इंदूआक्का ह्या मानाजीरावांच्या थोरल्या बहीण. वैधव्य, गुडघेदुखी आणि वडिलांच्या, म्हणजे दादासाहेबांच्या, घराण्याच्या रीतीभाती तिन्ही त्यांनी एकटीनं सांभाळलेल्या.

"मान्या, म्हणजे यंदा दादासाहेब उपाशी?"

"तसं नाही आक्का. तीन जर्सी आहेत ना, त्यांतल्या एकीला…"

"जर्सीच्या मुखी? दादासाहेबांना जन्मात कधी बिस्किट चाललं नाही. त्यांना जर्सी चालेल?"

"पंधराच दिवसांचा प्रश्न आहे."

"पितरांचेही पंधराच असतात," आक्का म्हणाल्या. "आणि आपल्या घरची रीत विसरलास का? गाईनं खाल्लं म्हणजे पोचलं, असं नव्हे. खाऊन तिनं ढेकर दिला म्हणजे पोचलं. तो ऐकल्याखेरीज आपल्या आईनं कधी पान घेतलं नाही, आणि मीही घेणार नाही."

"म्हणजे ढेकर ही पोचपावती," मानाजीराव पुटपुटले.

"पोचपावती म्हण, काय म्हणायचं ते म्हण. पण मला ती हवी."

मानाजीराव जागच्या जागी बसले. परदेशातली विमान कंपनी म्हणत होती, गाईनं ढेकर देऊ नये. स्वर्गातले दादासाहेब म्हणत होते, दिल्याशिवाय पोचलं असं धरणार नाही. आणि दोघांनाही लागणारी गाय एकच.

पण माणूस बँकेतला होता. त्यांनी भल्याभल्यांचे थकलेले हप्ते पुढे ढकलून दिले होते. आता पितरांचे दिले. घरोघर जाऊन त्यांनी समजूत घातली: ज्याची तिथी असेल त्यानं कावळ्याचं पान त्या दिवशी ठेवावं, गोग्रास मात्र सर्वपित्री अमावास्येला. शेवटची मोजणी त्या दिवशी सकाळी संपते. दुपारी चिऊ सर्वांची. शास्त्रातही अमावास्या सगळ्यांना चालते. लोकांनी मान्य केलं. इंदूआक्कांनीही केलं, पण "बारा वाजायच्या आत" अशी अट घालून.

मधल्या दिवसांत एवढंच झालं की दुधाला वास येऊ लागला. "काका, चहा फोडणी दिल्यासारखा लागतो," असं पहिल्या गिऱ्हाइकानं सांगितलं तेव्हा मानाजीराव म्हणाले, "औषधी आहे." चौथ्यानं सांगितलं तेव्हा त्यांनी नुसता हात पुढे केला, कारण चौथा आला होता तो बरणी परत द्यायला. लसणाचं नाव मात्र त्यांनी कुणापाशी काढलं नाही. पक्षाच्या स्वयंपाकात लसूण चालत नाही, आणि गाईच्या मुखातून जेवणाऱ्या पितरांना तो चालेल की नाही हा प्रश्न कुणी विचारू नये, अशी त्यांची इच्छा होती. रोज सकाळी ते यंत्राच्या काचेवरचा आकडा बघत. आकडा खरोखर उतरत होता. ह्या गोष्टीचं त्यांना इतकं अप्रूप होतं की एकदा त्यांनी स्वतःच पिवळ्या डब्यात तोंड घालून बघितलं. आकडा आला नाही, गोळी-पेंड मात्र पडली.

मग आली अमावास्या.

तुकोजीराव सकाळीच धारहून निघून आले होते, राजनंदिनीला बरोबर घेऊन. अंगात बदामी जोधपुरी कोट, पायांत कुरकुरणारे बूट. "व्याहीबुवा, अमावास्येला पाटी लावणारा माणूस आम्ही पहिलाच बघतोय," ते उतरल्या उतरल्या म्हणाले. "म्हणजे ही गाय आता कर्जही देणार की काय?"

राजनंदिनीनं वडिलांकडे बघितलं. मानाजीराव हसले. 'बोलून घ्या दुपारपर्यंत,' त्यांनी मनात म्हटलं.

मॅडम दहाला येणार होत्या. अकरा वाजले. विक्रमसिंह फोनवर फोन करत होता आणि दर वेळी सांगत होता, "बायपास पे जाम हे, दादा. बस निकल गई." तिकडे गोठ्यापुढच्या लांबलचक ओट्यावर पत्रावळी येऊ लागल्या. ज्यांची तिथी पहिल्या आठवड्यात होऊन गेली होती ते आले, ज्यांची आजच होती ते आले, आणि ज्यांना तिथीच ठाऊक नव्हती तेही आले. पंधरा दिवसांची थकबाकी एका ओट्यावर मांडलेली. वड्यांचा आणि खिरीचा वास सुटला. कुणी जेवलेलं नव्हतं, कारण गाय जेवलेली नव्हती. तुकोजीरावांनी मधुमेहाची गोळी सकाळीच घेतलेली, ते खुर्चीवर बसून दर थोड्या वेळानं वड्यांकडे बघत होते.

आणि दाव्याच्या टोकाशी चिऊ उभी होती. पंधरा दिवस गोळी-पेंड खाऊन तिचं तोंड कोरडं पडलेलं. तिचे दोन्ही कान ओट्याकडे वळलेले होते.

बाराच्या सुमाराला मॅडमची गाडी आली. विक्रमसिंहनं लगबगीनं यंत्र सुरू केलं, चिऊनं डब्यात तोंड घातलं. एवढ्यात इंदूआक्का हळदकुंकू घेऊन उठल्या. "तुमचं यंत्र चालू द्या. मी नुसतं कुंकू लावते."

त्या वाकल्या. चिऊच्या कपाळाजवळ त्यांचं नाक गेलं, आणि हात तिथेच थांबला.

"मान्या."

"काय आक्का?"

"हिच्या तोंडाला लसणाचा वास येतो."

ओट्यावरच्या सगळ्या बायका एकदम उठल्या. "लसूण?" "पक्षात?" "ह्याच तोंडात आमच्या मामंजींचं पान जाणार?" मानाजीरावांनी सांगायचा प्रयत्न केला की लसूण पोटात गेला आहे, तोंडात नाही, पण हे बोलताना त्यांनाच ते पटलं नाही. "तोंड धुवा तिचं!" आक्कांनी हुकूम सोडला. सरलाताईंनी देवघरातून नेमावरहून आणलेलं नर्मदेचं पाणी कॅनसकट आणलं, आणि आक्कांनी ते डब्यात, यंत्रात आणि चिऊच्या नाकपुड्यांत सढळ हातानं ओतलं.

चिऊ आजवर शांत होती ती लहानपणापासून कुणी तिच्या नाकात पाणी घातलं नव्हतं म्हणून. तिनं असा हिसका दिला की खुंटा उपटून आला, डबा निखळून तिच्या गळ्यात अडकला, नळी ताणली गेली आणि नळीमागून चाकांवरचं कपाट गडगडत निघालं. ती वळली. समोर ओटा होता.

मग जे झालं ते बघत उभं राहण्यावाचून कुणाच्या हातात काही नव्हतं. चिऊ ओट्याच्या एका टोकापासून निघाली, आणि मागून यंत्र तिच्या चालीनं चालू लागलं. तिनं वडे खाल्ले, खीर खाल्ली, चटणी खाल्ली, खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पत्रावळीही खाल्ल्या. दोन घरांत त्याही गडबडीत वाद झाला की कुणाचे सासरे आधी जेवले. शेवटच्या पत्रावळीपाशी ती थांबली, मान वर केली, आणि सबंध अंगण तिच्या तोंडाकडे बघू लागलं.

"आता," इंदूआक्का कुजबुजल्या.

मानाजीराव मनात म्हणत होते, नको. तेवढी मॅडमची पाठ वळू दे. पाटी गाडीत आहे, राजनंदिनी समोर उभी आहे, आता नको.

चिऊनं त्यांचं ऐकलं. ढेकर आला नाही.

थोडा वेळ गेला. तरी आला नाही. चिऊनं एक पाय आपटला, मग दुसरा. रवंथ सुरू झालं नाही. आणि मग मानाजीरावांना दिसलं की तिची डावी कूस वर येते आहे, हळूहळू, भाकरी तव्यावर फुगावी तशी. त्यांनी जाऊन टिचकी मारली. कूस नगाऱ्यासारखी वाजली.

गाईचा वायू अडकला की काय होतं हे गोठा बांधल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी बघितलं होतं. तेव्हाची एक जर्सी तासाभरात आडवी झाली होती, ती परत उठलीच नाही.

"सरला, गोडेतेल आण! हिंग घाल त्यात! विक्रम, डॉक्टरला फोन लाव! काठी, काठी द्या कुणीतरी मला!"

"दादा, रीडिंग चालू हे," विक्रमसिंह घाबरून म्हणाला.

"खड्ड्यात गेलं रीडिंग!"

त्यांनी काठी चिऊच्या तोंडात आडवी घातली, म्हणजे ती चावत राहील आणि घसा मोकळा होईल. पण काठी धरायची की तेल पाजायचं की कूस चोळायची? दोन हातांत तीन कामं होईनात. त्यांनी मागे बघितलं. बायका हात जोडून उभ्या होत्या. मॅडम सावलीत उभ्या होत्या. सगळ्यांत जवळ तुकोजीराव होते.

"काठी धरा!"

"आम्ही?" तुकोजीराव म्हणाले.

"मामंजी, धरा ना!" राजनंदिनी ओरडली. लग्नानंतर ती सासऱ्यांवर पहिल्यांदाच ओरडली होती.

तुकोजीरावांनी बदामी कोटासकट काठी दोन्ही बाजूंनी धरली. चिऊचं तोंड त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आलं. मानाजीरावांनी तेल पाजलं, आणि मग दोन्ही मुठींनी कूस रगडायला लागले. "दे बाई," ते म्हणत होते. "दे, चिऊ. एकच दे. हवा तेवढा मोठा दे. पाटी नको मला, काही नको. दे गं माझे आई." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांना कळतही नव्हतं. तुकोजीराव त्यांच्याकडे बघत होते. मग तेही बोलू लागले, आधी हळू, मग खणखणीत, "दे! देऊन टाक!"

चिऊनं मान लांब केली. गळ्यातून लाट वर आली.

तो ढेकर ज्यांनी ऐकला त्यांच्यांत अजून एकमत नाही. अपूर्वा म्हणते, ट्रकचा टायर गेला असं वाटलं. विक्रमसिंह म्हणतो, आवाज त्यानं ऐकलाच नाही, कारण तो यंत्राच्या काचेकडे बघत होता आणि तिथला आकडा वर चढता चढता संपला. पुढे लिहायला जागाच नव्हती. इंदूआक्कांनी मात्र डोळे मिटून हात जोडले आणि स्पष्ट सांगितलं, "दादासाहेबच. असाच द्यायचे. दिवाणखान्यातली हंडी हलायची."

लसणानं, खिरीनं, वड्यांनी आणि पंधरा दिवसांच्या संयमानं भरलेला तो ढेकर तुकोजीरावांनी समोरासमोर घेतला. त्यांच्या मिशा मागे गेल्या. कोटावर आमसुलाची नक्षी उमटली. पण काठी त्यांनी सोडली नाही. दुसरा आला, तिसरा आला. कूस उतरू लागली. चिऊच्या जबड्यानं पुन्हा रवंथ धरलं, आणि बायका जेवायला आपापल्या घरी पळाल्या.

मॅडमनी चष्मा पुसला आणि विक्रमसिंहला विचारलं, "पाउडर शुरू करने से पहले की रीडिंग कहाँ है?"

विक्रमसिंहनं टाळू खाजवली. पूड सुरू करण्याआधी एकदा मोजायचं असतं, म्हणजे आधी किती आणि नंतर किती हे कळतं. पण तो विसर्जनाचा दिवस होता, आणि तो ढोल वाजवायला गेला होता.

"कोई बात नहीं," मॅडम म्हणाल्या. "आज वाली को पहले की मान लेते हैं. ये जो सबसे ऊपर गया, ये पहले का. बाकी पंद्रह दिन बाद के. कमी बहुत अच्छी दिखेगी. बोर्ड लगा दो."

विक्रमसिंह पाटी आणायला पळाला. राजनंदिनीच्या तोंडावर हसू आलं. मानाजीरावांनी हात पुसले, पाटीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि ते मॅडमसमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "वर्षअखेरची रक्कम सुरुवातीच्या शिलकेत लिहिली, तर आमच्या बँकेत माणूस कायमचा घरी जात असे. योजना स्वेच्छेची आहे ना?"

"जी, बिलकुल."

"मग माझी इच्छा नाही."

पाटी आली तशी गाडीत गेली. यंत्रही गेलं, त्यातून निघताना नर्मदेचं पाणी ठिबकत होतं. तुकोजीराव मोरीवर तोंड धूत होते. तीन वेळा साबण लावून झाला होता. जेवताना दुधाचा विनोदही त्यांनी केला नाही. धारला परत जाताना गाडीच्या काचा त्यांनी उघड्याच ठेवल्या, असं राजनंदिनीनं नंतर सांगितलं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी धारहून फोन आला. तुकोजीराव स्वतः.

"व्याहीबुवा, एक विचारायचं होतं. सहज आपलं."

"विचारा की."

"नालछ्याला आमचं शेत आहे ना, तिथे वाटेकऱ्याच्या म्हशी असतात. तर… म्हैस ढेकर देते तेव्हा मान गाईसारखीच लांब करते, की वर?"

मानाजीरावांनी फोन कानाला घट्ट लावला. "तुम्हाला कशाला?"

"काही नाही हो. तो विक्रमसिंह आला होता, त्याचंच गाव पडलं ते. शेणाचा गॅस करायचा म्हणतो, तुमचं ते यंत्र-बिंत्र नाही. आणि लसूण नाही, हे मी आधीच लिहून घेतलंय. पण त्या दिवसापासून आमच्या डोक्यातून एक जात नाही. एवढं सगळं त्या पोटात असतं, आणि आपण कधी बघतच नाही, म्हणजे कमालच आहे! काल मी तिथे बसलो होतो म्हशीपुढे. दोन तास. एकही ढेकर दिसला नाही."

"बोलू नका तिच्याशी. बघताय असं दाखवू नका."

"असं होय! अहो, मग या ना एकदा. मी गाडी पाठवतो. आणि हे… मंडळींत कुठे बोलू नका. लोक म्हणतील मोहिते गवळी झाले."

"छे," मानाजीराव म्हणाले. "मी कशाला बोलतोय!" आणि फोन ठेवून त्यांनी सरलाताईंना हाक मारली, ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

तर हिशेब असा मिटला. कंपनीचं एक यंत्र गेलं. विक्रमसिंहला त्या यंत्राबद्दल मॅडमची बोलणी खावी लागली. मानाजीरावांची पाटी गेली आणि दुधाची निम्मी गिऱ्हाइकं गेली, त्यांतली काही अजून परतलेली नाहीत. इंदूआक्कांना पोचपावती मिळाली, तीही त्रिवार. राजनंदिनीला धारच्या पंगतीत आता हसावं लागत नाही, कारण यजमान दुधाचा विषयच काढत नाहीत. परदेशातल्या विमानांचं काय झालं ते कळलं नाही. ती उडतच असावीत. चिऊनं एका दुपारी सबंध गल्लीचे पितर जेववले आणि एक पैही भरली नाही. भरणारे तुकोजीराव निघाले: एक बदामी कोट कायमचा गेला, आणि नालछ्याला म्हशीपुढे बसायला त्यांनी दुसरा, शेणाच्या रंगाचा, शिवायला टाकला आहे. स्वेच्छेनं.